सेवानियमांतील ‘केवळ’

भारतीय संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाचा दुसरा खंड राज्याच्या सेवेत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान व निवास ह्या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई करतो; मात्र ही मनाई ‘केवळ’ त्या कारणांवरून होणाऱ्या भेदापुरती आहे. हा शब्द सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली ज्या रीतीने वाचला, ती रीत भाषेच्या दृष्टीनेही टिकणारी नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा’ ह्या खटल्यातील नियम असे होते. हवाई सुंदरीने (ह्या रूढ मराठी शब्दातच पदाच्या अटी किती उघड झाल्या आहेत!) वयाच्या ३५ व्या वर्षी, सेवेच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास त्या वेळी, अथवा पहिल्या गर्भधारणेच्या वेळी, ह्यांपैकी जे आधी घडेल तेव्हा निवृत्त व्हावे. त्याच विमानांत काम करणारा सहायक फ्लाइट पर्सर ५८ व्या वर्षी निवृत्त होई. न्यायालयाने गर्भधारणेची अट रद्द केली, विवाहाची मात्र ग्राह्य धरली. दोन्ही पदांची भरती, वेतन व बढतीचे मार्ग निराळे असल्यामुळे हा भेद ‘केवळ’ लिंगावरून नसून लिंग व इतर बाबी मिळून झालेला आहे, असा तो युक्तिवाद होता. वास्तविक दोनच वर्षे आधी, १९७९ मध्ये, मुथम्मा ह्यांच्या अर्जावर निर्णय देताना न्या. कृष्ण अय्यर ह्यांनी परराष्ट्र सेवेतील स्त्रियांना विवाहासाठी शासनाची अनुमती घ्यावयास लावणाऱ्या नियमातील पक्षपात स्पष्ट शब्दांत दाखविला होता.

‘केवळ पावसाच्या कारणावरून शाळा बंद ठेवू नये’ असा आदेश आहे असे समजू. मुख्याध्यापकांनी ‘पाऊस आणि चिखल’ अशी दोन कारणे दाखवून शाळा बंद ठेवली, तर शब्दशः आदेशभंग होत नाही. पण चिखल कशाने झाला, हे कोणीही विचारील. नर्गेश मिर्झा प्रकरणातील निराळी भरती व निराळे वेतन हा असा चिखल होय. पद स्त्रियांसाठी म्हणूनच निराळे पाडले गेले होते. त्या निराळेपणास स्वतंत्र कारणाचा दर्जा देणे म्हणजे कार्याला कारणाच्या शेजारी बसवून दोहोंची बेरीज करणे. न्या. चंद्रचूड ह्यांनी २०१८ च्या नवतेज सिंग जोहर निर्णयात ह्या वाचनावर टीका केली, ती योग्यच आहे.

अधिक बोधप्रद आहे तो २०२१ चा ‘लेफ्टनंट कर्नल नितीशा’ निर्णय. सैन्यातील स्त्री-अधिकाऱ्यांना कायम कमिशन देण्याच्या निकषांत लिंगाचा भेद शब्दानेही नव्हता; वैद्यकीय पात्रता सर्वांस सारखीच होती. परंतु पुरुषांची ती परीक्षा सेवेच्या पाचव्या अथवा दहाव्या वर्षी झालेली, आणि एकदा कायम झाल्यावर ती पात्रता टिकविण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. स्त्रियांना मात्र, संधीच उशिरा मिळाल्यामुळे, चाळिशी उलटल्यावर तीच कसोटी लावली गेली. वार्षिक गोपनीय अहवालांची गोष्ट तर भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. ह्या स्त्रियांना कायम व्हावयाचेच नाही, ह्या समजुतीने त्यांचे अहवाल निष्काळजीपणे लिहिले गेले, आणि पुढे तेच त्यांच्या गुणवत्तेचा पुरावा म्हणून वाचले गेले. लिहिताना एक हेतू, वाचताना दुसरा! न्यायालयाने हे ओळखले, आणि हेतू सिद्ध करण्याची आवश्यकता नाही असेही ठरविले.

ह्या प्रकारास मराठीत ‘अप्रत्यक्ष भेदभाव’ म्हणण्याची प्रथा पडत आहे. ‘अप्रत्यक्ष’ ह्या शब्दाने तो सौम्य, आडून होणारा, जणू अर्धाच भेद वाटतो. ज्या अधिकारी स्त्रीस सेवेतून मुक्त व्हावे लागते, तिला तो पूर्णपणे प्रत्यक्षच असतो. अप्रत्यक्ष असते ते नियमाच्या शब्दांतील त्याचे स्थान. ‘परिणामजन्य भेदभाव’ ही संज्ञा थोडी जड असली, तरी सेवानियम तपासणाऱ्याने कोठे पाहावे हे ती सांगते, म्हणून ती स्वीकारावी असे वाटते.