सोप्या स्पॅनिशचा परीक्षक कोण?

मजकूर किती अवघड आहे हे मोजायचे प्रयत्न स्पॅनिशमध्ये जुनेच आहेत. फर्नांदेस उएर्ता यांनी १९५९ मध्ये फ्लेश यांचं इंग्रजी सूत्र स्पॅनिशला बसवून घेतलं. पण मोजणं वेगळं आणि सोपं करून देणं वेगळं. या दुसऱ्या कामाला जोर आला तो बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठातल्या ओरासिओ साजिओन यांच्या गटामुळे. त्यांच्या 'सिंप्लेक्स्ट' प्रकल्पासाठी सेर्विमेदिया वृत्तसंस्थेच्या दोनशे बातम्या तज्ज्ञांनी हाताने सोप्या केल्या. आजच्या मानाने हा साठा चिमुकला, पण त्या बातम्या कुणासाठी सोप्या करायच्या हे पक्कं ठरलेलं होतं: बौद्धिक अपंगत्व असलेल्या वाचकांसाठी.

याच वर्तुळातलं लुस रेयो यांचं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. त्यांनी डिस्लेक्सिया असलेल्या वाचकांनाच प्रयोगात बसवलं. अवघड शब्द यंत्राने परस्पर बदलण्यापेक्षा, वाचकाने मागितल्यावर सोपा पर्याय दाखवला, तर मजकूर अधिक सुकर वाटतो, असं त्यांना २०१३ मध्ये आढळलं. हे वाचकाला विचारल्याशिवाय कळलंच नसतं.

पुढे हा धागा सैल झाला. अवघड शब्दांना सोपे पर्याय सुचवण्याच्या २०२२ च्या 'टीसार' स्पर्धेत इंग्रजी आणि पोर्तुगीजबरोबर स्पॅनिशही होती. यंत्राने सुचवलेले शब्द माणसांनी आधी सुचवलेल्या शब्दांशी ताडून पाहिले गेले. संपूर्ण वाक्यांसाठी वापरला जाणारा 'सारी' हा गुणांकही कोणते शब्द ठेवले, गाळले, नवे घातले एवढंच माणसांनी सोप्या केलेल्या नमुन्याशी जुळवतो. समजलं का, हा प्रश्न त्यात नाही.

मोठी भाषा-प्रारूपं आल्यावर ही उणीव धोक्याची झाली आहे, कारण त्यांचं स्पॅनिश सफाईदार असतं आणि चूक डोळ्यांत भरत नाही. उदाहरणार्थ, स्पेनच्या प्रशासकीय कायद्यानुसार अर्जातली त्रुटी दहा दिवसांत दुरुस्त करावी लागते. नाही केली, तर अर्जदाराने अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. नोटिशीतला हा दुसरा भाग यंत्राने गाळला, तर वाक्य आखूड होईल, वाचायला हलकं होईल, आणि माणसाचा हक्क बुडेल. कार्यालयांनी असा मजकूर माणसाच्या नजरेखालून न घालता पाठवू नये.

वास्तविक कसोटी स्पेनमध्येच तयार आहे. २०१८ च्या 'सुलभ वाचन' मानकात समजण्यात अडचण येणाऱ्या व्यक्तींकडून मजकूर तपासून घेण्याची पायरी आहे, आणि २०२२ च्या कायद्याने आकलन-सुलभतेला कायदेशीर आधार दिला. संशोधकांनी तीच पायरी आपल्या प्रयोगांना लावावी. ज्या प्रयोगात असा एकही वाचक नाही, त्याने मजकूर सोपा केल्याचा दावा करू नये.