फड, पाट आणि पंचायत

‘गांव करील तें राव काय करील’ ही म्हण मराठींत जितकी जुनी, तितकीच ती आजकाल सोयीची झाली आहे. गांवकऱ्यांनीं वर्गणी काढून ओढा खोल केला, तळ्यांतील गाळ उपसला किंवा नदीकांठचा केरकचरा उचलला, कीं वर्तमानपत्रांत ती हटकून अवतरते. अशा कामांविषयीं आम्हांस आदरच वाटतो. परंतु स्तुति आणि परीक्षण या निराळ्या गोष्टी आहेत; आणि ज्या कामांवर एका प्रांताचें पुढील जीवन अवलंबून आहे, त्यांस नुसती स्तुति पुरत नाहीं. त्यांतलें कोणतें टिकलें, कोणतें टिकलें नाहीं, आणि कां, हें कोणी तरी विचारलें पाहिजे. असा विचार करण्यास खानदेशासारखें दुसरें ठिकाण नाहीं. कारण लोकांनीं नदीचें पाणी सांभाळण्याचा अत्यंत जुना प्रयोग आणि सर्वांत गाजलेला नवा प्रयोग, हे दोन्ही एकाच धुळें जिल्ह्यांत झालेले आहेत.

१९०६ सालीं पूर्व व पश्चिम असे ज्याचे दोन भाग झाले, आणि जो आज जळगांव, धुळें व १९९८ पासून नंदुरबार अशा तीन जिल्ह्यांत विभागलेला आहे, तो खानदेश प्रांत मुख्यतः तापीचा. गिरणा, बोरी, पांझरा या तिच्या दक्षिणेकडून येणाऱ्या उपनद्या. सह्याद्रीच्या आड पडल्यामुळें प्रांताच्या मध्यभागीं पाऊस बेताचा. पण पश्चिमेच्या ज्या डोंगरांत नद्यांचे उगम आहेत, तेथें तो बरा पडतो. अर्थात् जेथें जमीन उत्तम तेथें आभाळ कृपण, आणि पाणी मिळावयाचें तें नदीच्या वाहत्या धारेंतूनच. या अडचणींतूनच धुळें जिल्ह्यांत पांझरेवर, आणि शेजारच्या बागलाणांत मोसम व आरम या नद्यांवर, फडपद्धति जन्मास आली. ती तीनशें वर्षांहून अधिक जुनी असावी असें अभ्यासक मानतात.

फड हा शब्द मराठी वाचकांस परका नाहीं. तमाशाचा फड, कुस्तीचा फड, उसाचा फड हे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यांतले आहेत. पेशव्यांची कचेरी तोहि फडच, आणि तेथला हिशेब लिहिणारा तो फडणीस. जेथें पुष्कळ माणसें एका कामासाठीं जमतात आणि त्या जमण्यास कांहीं शिस्त असते, अशा जागेस मराठी माणूस फड म्हणत आला आहे. पांझराकांठचा फड हा जमिनीचा तुकडा खरा. पण त्या शब्दांतली मंडळी आणि हिशेब हीं दोन्ही त्या तुकड्यांत नांदत होतीं.

त्याची रचना अशी. नदींत दगडी बंधारा घालून पाणी एका बाजूस वळवावयाचें. तेथून कांहीं मैलांचा पाट काढावयाचा. पाटांतून चाऱ्या, चाऱ्यांतून शेताशेतांत जाणारे सारंग, आणि जास्त झालेलें पाणी बाहेर काढून देण्यासाठीं सांडम. भिजणाऱ्या एकंदर क्षेत्राचें नांव थळ. आणि त्या थळाचे बहुधा चार फड. येथवरचें काम कोणत्याहि चांगल्या इंजिनियराच्या हातचें आहे. पुढचें मात्र त्याच्या हातचें नाहीं. पावसाळा सरत आला कीं नदीची धार पाहून गांवकरी बैठकीस बसत, आणि यंदा किती फड भिजवावयाचे, कोणत्या फडांत कोणतें पीक घ्यावयाचें आणि कोणता फड पडीत ठेवावयाचा हें ठरवीत. एका फडांत पीक एकच; ऊस तर सर्वांचाच ऊस, गहूं तर सर्वांचाच गहूं. पाणी देण्याचें काम पाटकऱ्याचें, राखणीचें जागल्याचें, आणि या दोघांवर देखरेख हवालदाराची. पाटाची वार्षिक साफसफाई सर्वांनीं मिळून करावयाची. या पद्धतीचें मर्म मात्र आणखी एका गोष्टींत आहे. बहुतेक ठिकाणीं प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडांत असे. त्यामुळें दुष्काळी वर्षीं दोन फड कोरडे ठेवावे लागले, तर झळ कोणा एकास न लागतां सर्वांस लागे. आणि ज्यास त्यास ती सारख्या प्रमाणांत लागे.

हें वाचून कोणास असें वाटेल, कीं जुने लोक फार सात्त्विक होते आणि आपण बिघडलों. आमचें मत नेमकें याच्या उलट आहे. ज्यांनीं फड बसविला ते मनुष्यस्वभावाविषयीं कमालीचे साशंक होते. संधि मिळाली तर शेजारी पाणी चोरणार हें गृहीत धरूनच त्यांनीं सारी मांडणी केली. फडांत पीक एकच ठेवलें, म्हणजे एखाद्यानें जास्त पाणी घेतलें तर तें बांधावरून दिसावें. पाणी देण्याचा अधिकार शेतकऱ्याच्या हातीं न ठेवतां पाटकऱ्याच्या हातीं दिला, म्हणजे मध्यरात्रीं दार फोडण्याचा मोह कमी व्हावा. आणि पाटाच्या मुखाशीं ज्याचें शेत त्याचेंच शेपटाशींहि असावें, म्हणजे शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोंचण्यांत त्याचाहि स्वार्थ गुंतावा. फडपद्धतीचें मोठेपण लोकांच्या चांगुलपणांत नव्हतें. चांगुलपणावर विसंबून न राहण्यांत होतें. ज्यास आज ‘लोकसहभाग’ म्हणतात त्याचा हा पहिला धडा आहे, आणि नेमका तोच आज विसरला जातो.

हा धडा कांहीं खानदेशचाच नाहीं. स्पेन देशांत व्हॅलेन्शिया शहरीं मुख्य देवळाच्या दाराशीं दर गुरुवारीं पाटांचें न्यायालय भरतें. शेतकऱ्यांनीं निवडलेले पंच बसतात, फिर्याद तोंडीं, उत्तर तोंडीं आणि निकाल तेथल्या तेथें. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीनें अशा अनेक देशांतील संस्थांचा अभ्यास करून १९९० सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि २००९ सालीं त्यांस अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांच्या विवेचनाचें सार असें, कीं सामाईक संपत्ति जेथें टिकली तेथें हक्कदार कोण हें ठरलेलें होतें, नियम त्या जागेस साजेसे व वापरणाऱ्यांनींच केलेले होते, राखणदार होता, गुन्ह्याच्या मानानें चढता दंड होता, आणि सरकार या कारभारांत विनाकारण हात घालीत नव्हतें. पांझराकांठच्या पाटकऱ्यास यांतलें फारसें कांहीं नवीन वाटलें नसतें.

तथापि फडाचे गोडवे गाणाऱ्यांस दोन गोष्टी सांगणें आम्हांस भाग आहे. पहिली ही, कीं फड ज्याची जमीन त्याचा होता. ज्यास जमीन नाहीं त्यास पाण्यांत वांटा नव्हता. रात्रभर राखण करणाऱ्या जागल्यास धान्य मिळे, पण पाण्याच्या कारभारांत त्याचें मत कोणी विचारीत नसे. आणि पाणी भरणाऱ्या बायकांचें मत घेण्याची कल्पनाहि कोणाच्या मनांत येत नसे. गांव म्हणजे गांवांतले जमीनदार, हा त्या काळचा अर्थ आपण आज डोळे मिटून स्वीकारणें योग्य नव्हे. दुसरी गोष्ट ही, कीं फडाचा कायदा वाहत्या पाण्यापुरता होता. भूमीच्या पोटांतील पाण्यास त्यांत नियमच नव्हता, कारण त्या काळीं त्याची गरज नव्हती. पुढें वरच्या अंगास लाटीपाडा, अक्कलपाडा येथें धरणें झालीं आणि नदीच्या धारेचा हिशेब गांवाच्या हातून सरकारी खात्याच्या हातीं गेला. त्याहून मोठा घाव विहिरीनें आणि विजेच्या पंपानें घातला. ज्याच्या शेतांत विहीर झाली त्यास बैठकीचें भय उरलें नाहीं. फड पडीत ठेवण्याचा ठराव त्यास बांधीना. एकेकानें असें आपापलें पाणी वेगळें केलें, वारसाहक्कानें व विक्रीनें जमिनीची जुनी विभागणीहि मोडली, आणि बंधारा उभा असतांना संस्था मात्र झिजत गेली.

सरकारी शास्त्रानें या पद्धतीकडे पाहिलेंच नाहीं असें नव्हे. सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या नोकरींत प्रवेश केला, आणि त्या नोकरीच्या आरंभींच्या काळांत त्यांनीं खानदेशांत, धुळ्यास काम केलें. पुढें नीरेच्या कालव्यावर त्यांनीं जी ‘ब्लॉक’ पद्धति सुचविली, तींत क्षेत्राचे गट पाडून पिकें व पाणी यांची सांगड घालण्याची कल्पना आहे. फडाशीं तिचें साम्य कोणासहि दिसेल. परंतु ब्लॉकचा निर्णय कालव्याच्या कचेरींत होई, फडाचा बैठकींत. शेतांची आंखणी सरकारी कारभारांत आली. बैठक कांहीं आली नाहीं. त्यानंतर शंभर वर्षांनीं, म्हणजे २००५ सालीं, शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सिंचनाचें व्यवस्थापन सोंपविण्याचा कायदा महाराष्ट्रानें केला, तो एका परीनें हीच चूक दुरुस्त करण्यासाठीं.

आतां नव्या प्रयोगाकडे वळूं. त्याच धुळें जिल्ह्यांतील शिरपूर तालुक्यांत २००४ सालीं भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनीं, आमदार अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळावर, ओढेनाले रुंद व खोल करून त्यांवर दारें नसलेले सिमेंटचे बंधारे घालण्याचें काम आरंभिलें. यामागील शास्त्र खरें आहे. तापीकांठच्या गाळाच्या थरांत वरची चिकण माती पाणी खालीं जाऊं देत नाहीं. ती फोडून खालच्या थरास पाणी भेटविलें तर विहिरी भरतात. ज्या विहिरी आटल्या होत्या त्यांस पाणी आलें, आणि महाराष्ट्रांतून लोक तें पाहावयास आले. या कामाचें श्रेय कमी करण्याची आमची मुळींच इच्छा नाहीं. परंतु त्याचीं जीं वर्णनें आम्ही वाचलीं, त्यांत खोदकामाविषयीं जेवढें आहे त्याच्या दशांशहि वांटणीविषयीं नाहीं. किती फूट खोल, किती मीटर रुंद, किती पाणी मुरलें, हें सारें आहे. तें पाणी कोणीं किती उपसावें, कोणत्या पिकास द्यावें, आणि ज्यास पंप नाहीं त्यानें काय करावें, या प्रश्नांजवळ आलें कीं लेखणी थांबते. फडांत जी गोष्ट मध्यभागीं होती ती येथें समासांतहि नाहीं.

शिरपूरचें अनुकरण करण्याचा उत्साह मग राज्यभर पसरला. आणि जेथें गाळ नव्हे, काळा पाषाण आहे, तेथेंहि यंत्रें लावून नाले उकरले गेले. डिसेंबर २०१४ मध्यें ‘जलयुक्त शिवार’ ही योजना निघाली. तिजवर ९,६३३ कोटि रुपयांहून अधिक खर्च झाला. आणि पाण्याच्या बाबतींत गांवें स्वयंपूर्ण करणें व भूजलाची पातळी वाढविणें या हेतूंत तिचा फारसा उपयोग झाला नाहीं, असा अभिप्राय महालेखापरीक्षकांच्या २०२० सालच्या अहवालांत आला. आम्हांस याचें आश्चर्य वाटत नाहीं. ज्या घड्याच्या तोंडाशीं दहा जण ओंजळ धरून बसले आहेत आणि कोणाची पाळी कोणती हें ठरलेलें नाहीं, तो घडा मोठा केल्यानें भांडण थांबत नाहीं.

जळगांवकडे याचेंच दुसरें रूप दिसतें. रावेर व यावल तालुक्यांतील केळीची कीर्ति सर्वत्र आहे. जळगांवच्या केळीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. ठिबक सिंचनाच्या उद्योगाचें तर जळगांव हें माहेरघर. थेंबाथेंबानें पाणी देण्याच्या या कलेनें एकरीं पाणी वांचलें, यांत शंका नाहीं. परंतु वांचलेलें पाणी भूमींत राहिलें असें कोणीं समजूं नये. त्यावर आणखी केळी उभी राहिली, आणि विंधनविहिरी खोल खोल गेल्या. आतां तापीच्या पुराचें पाणी या पट्ट्यांत मुरविण्याच्या प्रचंड योजनेसाठीं महाराष्ट्र व मध्यप्रदेश यांचा करार १० मे २०२५ रोजीं झाला आहे. योजना सिद्धीस जावो. पण उपशास मर्यादा घालणारा नियम तिच्याबरोबर न आल्यास, तिचें फळ तेंच होईल अशी आम्हांस रास्त भीति वाटते. २००९ सालच्या भूजल अधिनियमानें अशा मर्यादा घालण्याची तरतूद केलेली आहे. ती कागदावरून गांवांत आणणें हें मात्र गांवाच्याच हातीं आहे.

हें अशक्य आहे असें म्हणणाऱ्यांस साक्री तालुक्यांतील बारीपाड्याचें उदाहरण दाखवितां येईल. तेथील आदिवासी ग्रामस्थांनीं चैत्राम पवार यांच्या पुढाकारानें १९९० नंतरच्या दशकांत उजाड झालेलें चारशें हेक्टरांहून अधिक वन राखून वाढविलें, आणि वन वाढलें तसें विहिरींस व झऱ्यांस पाणी आलें. २०२५ सालीं पवार यांस ‘पद्मश्री’ जाहीर झाली तेव्हां सर्वांनीं त्यांच्या निष्ठेची वाखाणणी केली. ती योग्यच होती. पण आमचें लक्ष वेधलें तें दुसऱ्या गोष्टीकडे. बारीपाड्यानें कुऱ्हाड चालविणाऱ्यास दंड ठरविला, राखणदार नेमला, आणि नियम आपल्या माणसांसहि लावला. हवालदार व जागल्या तेथें निराळ्या नांवानें परत आले. आणि जमीन नसलेल्याचें काय, या फडानें न सोडविलेल्या प्रश्नाचें उत्तरहि मराठी मुलखांतच निघालेलें आहे. पुरंदर तालुक्यांतील नायगांवीं १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं जी पाणी पंचायत उभारली, तींत पाणी जमिनीच्या मानानें न देतां घरांतील माणसांच्या मानानें, माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें, देण्याचा नियम होता. भूमिहीनासहि वांटा होता. आणि उसास बंदी होती. पांझरेचा राखणदार आणि नायगांवचा वांटा एकत्र आले, तर फडाची जी उणीव आम्हीं वर दाखविली ती भरून निघेल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. कोणत्याहि ओढ्यास यंत्र लागण्यापूर्वीं, कोणत्याहि तळ्यासाठीं वर्गणीचें पुस्तक फिरण्यापूर्वीं, गांवानें एका कागदावर चार गोष्टी लिहाव्या: पाणी कोणाचें, पीक कोणतें, राखणदार कोण, आणि दंड किती. देणगीदारानें व सरकारानें आधीं तो कागद मागावा आणि मग थैली सोडावी. आणखी एक काम आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांचें आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जुने कागद जमविले आणि १९२६ सालीं धुळ्यासच देह ठेवला. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्या शहरीं आहे. फडाचे नियम मात्र बव्हंशीं कागदावर कधींच चढले नाहींत. ते पाटकऱ्यांच्या तोंडीं राहिले, आणि ज्यांस ते ठाऊक आहेत अशीं माणसें पांझरेकांठीं दरवर्षीं कमी होत आहेत. त्यांच्या तोंडून ते आजच उतरून घेतले पाहिजेत.

लढायांचे कागद शोधण्यास आपल्याकडे विद्वान् पुष्कळ निघाले. पाण्याची पाळी कशी ठरे हें लिहून ठेवण्यास थोडे तरी निघावेत, आणि ते आधीं त्याच जिल्ह्यांतून निघावेत, अशी आमची अपेक्षा आहे.