रूळ कुठे संपतात?

आता ‘कोमल गांधार’कडे येऊ. ऋत्विक घटकांचा 1961चा चित्रपट. लालगोल्याला भृगू आणि अनसूया पद्मेकाठी उभे आहेत. पलीकडे पूर्व पाकिस्तान, त्यांचा सुटलेला मुलूख. भृगू सांगतो, हे रूळ पूर्वी बेरजेची खूण होते, आता वजाबाकीची. हे संवाद मला जरा जास्तच वाटतात, कारण पुढे कॅमेरा रुळांवरून धावत सुटतो, बफरपाशी पडदा काळा होतो आणि सगळं तिथेच कळतं.

फाळणीचं रूपक म्हणून आपण दाद देतो. ठीक आहे. पण मुळात लालगोल्याचे रूळ फाळणीआधीही नदीपाशीच संपायचे! पुढे फेरीबोटीने गोदागाडीला जायचं, तिथून परत रेल्वे. म्हणजे तुटली ती फेरी. गाडी बदलायची जागा होती, ती शेवटचं स्टेशन झाली. घटकांचा बफर ‘खोटा’ नाही, उलट तो नेमका आहे.

आणि बघा, चित्रपट आला तेव्हा गेदे-दर्शना मार्गावर गाड्या चालूच होत्या. त्या 1965च्या युद्धात थांबल्या. 2008मध्ये त्याच मार्गावरून मैत्री एक्स्प्रेस निघाली, जुलै 2024मध्ये तीही थांबली. तिथे बफर नाही. रूळ सरळ पलीकडे जातात.