तीन रकान्यांचं वाङ्मय

मराठी समीक्षकांनी एका वाङ्मयप्रकाराकडे साफ दुर्लक्ष केलं आहे. कथा, कादंबरी, नाटक, कविता यांच्यावर त्यांनी इतकं लिहिलं की मूळ पुस्तकं वाचायची कुणाला गरजच उरली नाही. पण मोटारीच्या पुस्तकात शेवटी शेवटी जो तीन रकान्यांचा तक्ता असतो, म्हणजे लक्षण, संभाव्य कारण आणि उपाय, त्याच्यावर एखादा परिसंवाद झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. मी बी.कॉम. माणूस, बँकेत कारकून. साहित्यावर बोलायचा अधिकार मला नसेल, पण रकान्यांवर बोलायचा आहे. वीस वर्षं मी दुसरं काही वाचलेलं नाही.

परीक्षणासाठी मी निवडला आहे तो फोर व्हील ड्राइव्ह गाडीचा, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद पोहोचवणाऱ्या गाडीचा तक्ता. साधी मोटार ही लघुकथा असते. पात्रं कमी, शेवट लवकर. ही गाडी म्हणजे कादंबरी. पुढे एक डिफरन्शियल, मागे एक, दोघांकडे जाणारे दोन प्रॉपेलर शाफ्ट आणि मधोमध दोन्ही घरांत वाटणी करून देणारी ट्रान्स्फर केस. एवढं एकत्र कुटुंब म्हटल्यावर कुरबुरी आल्याच. त्यात गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातची असेल तर कादंबरीचा पूर्वार्ध आपल्या हाती येतच नाही. एकदम पान दोनशेपासून सुरुवात.

या वाङ्मयाला परंपरा नाही असं कुणी समजू नये. १९६५ च्या सुमारास एडनमध्ये ब्रिटिश हवाई दलात असलेल्या जॉन हेन्स यांनी एका सहकाऱ्याची जुनी ऑस्टिन-हीली स्प्राइट खोलून पुन्हा जोडली. कंपनीचं पुस्तक साध्या माणसासाठी लिहिलेलंच नाही, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी खोलता-जोडताना फोटो काढले आणि १९६६ साली त्यांचं पहिलं वर्कशॉप मॅन्युअल निघालं. आधी गाडी खोलायची, मग पुस्तक लिहायचं, ही त्यांची शिस्त. आपल्याकडे काही समीक्षक पुस्तक न उघडता लिहितात, त्यांनी हे ध्यानात घ्यावं. त्याआधीची गोष्ट अमेरिकन सैन्याची. जीपगाड्यांची देखभाल सैनिकांच्या गळी उतरावी म्हणून त्यांनी १९५१ साली ‘पी. एस.’ नावाचं मासिक काढलं आणि त्याची चित्रं विल आयस्नर या नामवंत व्यंगचित्रकाराकडे दिली. सुमारे वीस वर्षं तो माणूस ग्रीस आणि नटबोल्टांवर चित्रकथा काढत होता. म्हणजे जीपचं दुखणं हा हसत हसत सांगायचा विषय आहे, हे तिथल्या लष्करालाही पटलेलं होतं.

आता गुण. चांगल्या तक्त्याचा पहिला गुण म्हणजे त्याचा क्रम. तो स्वस्ताकडून महागाकडे जातो. आधी टायरची हवा, मग तेलाची पातळी, मग सैल बोल्ट, मग रबर, मग बेअरिंग आणि अगदी शेवटी गिअर. आमच्या धंद्यातही हेच शिकवतात. ट्रायल बॅलन्समध्ये २७ रुपयांचा फरक आला तर तिजोरी फोडली असं कुणी ओरडत नाही. आधी नऊने भाग जातो का बघायचं. जात असेल तर कुणीतरी ६३ चे ३६ लिहिले असण्याचा संभव जास्त. गॅरेजमधली मौखिक परंपरा मात्र महागाकडून सुरू होते आणि स्वस्तापर्यंत पोहोचण्याआधी आपले पैसे संपतात.

दुसरा गुण म्हणजे पुरावा. तक्ता नुसतं मत देत नाही, पडताळा देतो. वेगाबरोबर वाढणारी घूं घूं चाकाच्या बेअरिंगची की टायरची? मोकळ्या रस्त्यावर गाडी अलगद उजवीकडे वळवा. भार डाव्या बाजूवर जातो. घूं घूं वाढली तर संशय डाव्या बेअरिंगवर, काहीच फरक पडला नाही तर आधी टायरकडे बघा. पुढच्या ॲक्सलला सी.व्ही. जॉइंट असलेल्या गाडीत वळताना टक् टक् येत असेल तर जॉइंटवरचा रबरी बूट फाटून ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालंय का ते पहा. आवाज सुरू होण्याआधी फाटका बूट दिसला तर थोडक्यात भागतं. नंतर जॉइंटच बदलावा लागतो. पुढे-मागे घेताना खालून टण्ण होत असेल तर प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस हलवून पहा. ओढ्यातून गाडी घातली असेल तर डिफरन्शियलचं तेल पहा. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. तापलेला ॲक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आणि वरचा ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ती ऑइल सीलमधून पाणी ओढून घेते. आणि तेल बदलताना भरायचं बूच आधी सोडवून पहावं, मगच खालचं बूच काढावं. खालून सगळं तेल गेलं आणि वरचं बूच गंजून बसलं तर गाडी जागची हलत नाही. जमेची खिडकी उघडते का हे पाहिल्याशिवाय खात्यातली सगळी शिल्लक काढू नये, हे मी ग्राहकांना रोज सांगतो.

एवढं वाचून कुणी म्हणेल, वाङ्मयाचा जीवनाशी संबंध काय? तर तो असा. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांचं घर पाटण तालुक्यात डोंगरावर, घरी शहाऐंशी वर्षांच्या आई, आणि पावसाळ्यात शेवटचे तीन किलोमीटर निव्वळ चिखल. रात्री-अपरात्री आईंना दवाखान्यात खाली आणायचं तर चार चाकांवर जोर लागतो, म्हणून ग्रॅच्युइटीच्या पैशातून त्यांनी जुनी जीप घेतली. २०२३ च्या मे महिन्यात तिने रंग दाखवला. फोर व्हील लावलं की स्टिअरिंग जड, गाडी आखडल्यासारखी चालणार आणि लिव्हर परत येता येणार नाही. मेकॅनिकने खाली वाकून पाहिलं आणि निकाल दिला, “गुरुजी, ट्रान्स्फर केस गेलीया. खाली घ्यायला लागंल.” खर्च पंचेचाळीस हजार. कारण विचारलं तर म्हणाला, “आतलं काय सांगता येतंय?” जमाखर्चात ज्या रकमेचा पत्ता लागत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. त्या दिवशी कळलं, सस्पेन्स खातं गॅरेजमध्येही असतं, फक्त तिथे रक्कम आपली असते.

गुरुजींनी तक्ता काढला, चष्मा लावला आणि वर्गात धडा वाचावा तसा मोठ्यांदा वाचला. कारण पहिलं: कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावणे. अशा जीपला पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये वेगळं डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची लहान. चिखलात चाकं थोडी घसरून हिशेब मिटवतात. डांबरावर घसरता येत नाही, म्हणून पीळ शाफ्टमध्ये साठतो आणि लिव्हर अडकतो. सरळ रेषेत थोडं मागे घेतलं की बहुधा सुटतो. कारण दुसरं: पुढच्या-मागच्या टायरांत फरक. गुरुजींनी टायरवर खडूने खूण केली, गाडी एक फेरा पुढे ढकलायला मला लावलं आणि टेप धरला. मागचे टायर २ मीटर १० सेंटिमीटर, पुढचे त्याहून जवळजवळ ४ सेंटिमीटरने कमी. आधीच्या मालकाने मागे दोन नवे टायर घालून पुढचे गुळगुळीत तसेच ठेवले होते. मी तिथेच आकडेमोड केली. किलोमीटरला चाकाचे सुमारे ४८० फेरे, म्हणजे दर किलोमीटरला पुढच्या-मागच्या चाकांत १८ मीटरची तफावत. एवढी तफावत रोज निघाली तर आमच्या शाखेत चौकशी बसते. पुढे त्याच मापाचे दोन टायर घातले, चारी चाकांत हवा भरली आणि नांगरलेल्या शेतात चाचणी घेतली. लिव्हर लोण्यासारखा फिरला. केस खाली उतरलीच नाही. जुलैत त्याच जीपने आईंना रात्री दीड वाजता दवाखान्यात पोहोचवलं. याहून मोठा वाङ्मयीन परिणाम मी तरी पाहिलेला नाही.

आता दोष, नाहीतर याला परीक्षण कोण म्हणेल? एक: आवाजाच्या बाबतीत हे लेखक फार कंजूष आहेत. सगळ्या दुखण्यांना मिळून एकच शब्द, ‘असामान्य आवाज’. ज्या भाषेत खडखड, करकर, कुईं, धाड् आणि खुळखुळ यांतला फरक पोराटोरांना कळतो, त्या भाषेत हे शोभत नाही. दोन: खोलण्याची कृती चार पानं सांगायची आणि जोडायची वेळ आली की उलट्या क्रमाने करा म्हणून मोकळं व्हायचं. उरलेल्या दोन वॉशरांचं काय, ते गुपित राहतं. तीन: कथानक अडलं की अधिकृत केंद्राकडे जा असं सांगून लेखक अंतर्धान पावतो. जुन्या नाटकात शेवटी देव यायचा, तसंच हे.

पण सगळ्यात मोठा दोष चौथा. या सगळ्या नाट्यात आधीचा मालक हे पात्रच नाही. तक्ता असं धरून चालतो की गाडी कालच कारखान्यातून निघाली आणि झिजली ती आपोआप. प्रत्यक्षात जुन्या गाडीची निम्मी दुखणी म्हणजे कुणीतरी केलेल्या दुरुस्त्याच असतात. भलत्या मापाचा टायर, ब्रीदरवर बांधलेली चिंधी, गळती थांबावी म्हणून थापलेलं लांबी. रंग पाहून गाडी घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं आणि घेण्याआधी चारही टायरांची मापं, तिन्ही पेट्यांचं तेल आणि बुचं तपासावीत. पदरात पडल्यावर तक्ता उघडण्यापेक्षा हे स्वस्त.

गुरुजींनी हा दोष आपल्यापुरता दूर केलाय. तक्त्याच्या उजवीकडे पेन्सिलीने चौथा रकाना आखून ते त्यात तारीखवार लिहितात: टायर कधी, तेल कधी, बूच कुणी घट्ट केलं. जीप विकायची वेळ आलीच तर पुस्तक सोबत द्यायचं त्यांचं ठरलंय. मेकॅनिकने तो रकाना एकदा पाहिला आणि म्हणाला, “गुरुजी, ह्याचं एक झेरॉक्स आम्हालाबी द्या.”

एकूण पुस्तक संग्राह्य आहे. छपाई सुबक, शुद्धलेखन निर्दोष. फक्त उजवीकडचा समास थोडा रुंद हवा होता.