अधिकारी कोण?

सप्ताहाच्या पत्रिका हल्ली हाती येतात, त्यांवर एकच शब्द दोन जागी छापलेला असतो. वर ‘अधिकारी पुरुषांची कीर्तने’ आणि खाली प्रमुख पाहुण्यांत ‘अमुक खात्याचे अधिकारी’. पुढे काय होते ते आपणांस ठाऊक आहे. अभंगाचे निरूपण रंगात आलेले असताना पाहुण्यांची गाडी येते, टाळ थांबतात आणि नारळ-शालीचा सत्कार सुरू होतो. ज्याच्यापुढे वाकायचे तो अधिकारी, असा अर्थ आपण धरून बसलो आहोत. माझा आक्षेप या अर्थावर आहे.

शब्दाची फोड पाहू. ‘अधि’ म्हणजे वर, ‘कृ’ म्हणजे करणे. वर नेमणे, काम सोपवणे हा भाव त्यातून निघतो. दरबारी अर्थही काही आजचा नव्हे. मृच्छकटिकातला न्यायाधीश ‘अधिकरणिक’च आहे. तेव्हा सरकारने आपला शब्द पळवला अशी ओरड करण्यात अर्थ नाही. आपल्याकडे पूर्वी अशा माणसाला अंमलदार म्हणत. ‘अंमल’ हा अरबी शब्द, मूळ अर्थ कृती. मराठीत मात्र त्याचे दोन अर्थ रूढ झाले, सत्ता आणि नशा! ‘अधिकारी’ दिसायला सोवळा, म्हणून तो अधिक फसवतो.

पाणिनींच्या अष्टाध्यायीत काही सूत्रांना अधिकारसूत्रे म्हणतात. असे सूत्र स्वतः कार्य सांगत नाही. पुढच्या सूत्रांत जाऊन त्यांचा अर्थ पुरा करते. सहाव्या अध्यायातील चौथ्या पादाचे पहिले सूत्र असे सातव्या अध्यायाच्या अखेरीपर्यंत राबते. वर बसलेला खालच्यांच्या कामी येतो, हा तेथला अधिकार.

वेदान्तात तर उलटाच प्रकार. ग्रंथाचे चार अनुबंध सांगतात: अधिकारी, विषय, संबंध, प्रयोजन. सदानंदांच्या वेदान्तसारात अधिकारी म्हणजे गुरू नव्हे, ग्रंथकारही नव्हे. विवेक, वैराग्य, शमदमादी सहा आणि मुमुक्षुत्व घेऊन शिकायला आलेला तो अधिकारी. हे आपल्या मांडवाला लावून पाहा. अधिकारी नारदांच्या गादीवर उभा नाही, समोर सतरंजीवर बसला आहे. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानोबाराय श्रोत्यांपाशी अवधान मागतात, ते का, हे आता कळेल. मी चाळीस वर्षे त्या गादीवर उभा होतो. समोर ऐकणारा नसेल तर पाठांतर कितीही असो, कीर्तन उभे राहत नाही.

मात्र हा शास्त्रातला शब्द निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. योग्यता विचारता विचारता जन्म विचारला गेला. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातले अपशूद्राधिकरण काढून पाहा. वर सांगितलेले चारही गुण मनाचे. पहारा बसला तो जातीवर. माउलींनी अठराव्या अध्यायात वेदालाच कृपण म्हटले, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला. ती उणीव भरून काढण्यासाठी तो गीतारूपाने प्रकट झाला, असे ते सांगतात. संतांनी नामाचा अधिकार सर्वांना दिला. तरी चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, आणि ज्यांना आत मज्जाव होता त्यांच्यासाठी ते दार उघडायला मे 1947 उजाडावा लागला. साने गुरुजींनी त्यासाठी पंढरीत उपोषण केले. चोखोबांपासून मोजा, सहाशे वर्षे होतात.

म्हणून पत्रिका काढणाऱ्या मंडळींना सांगणे आहे. पाहुण्यांचे पद खुशाल छापा, ते त्यांच्या नेमणुकीचे नाव आहे. कीर्तनकाराच्या नावामागचे ‘अधिकारी’ तेवढे काढा. सत्कार करायचा तर कीर्तन उभे राहण्याआधी उरकून घ्या. आणि पुढचा सोफा उचलून तेथे सतरंजी घाला. डोक्यावरची तुळस उतरवून मागच्या खांबाशी टेकलेली म्हातारी तेथे बसू द्या.