जॉइसच्या कादंबरीतील शाळा आणि श्रद्धा

जेम्स जॉइसच्या ‘अ पोर्ट्रेट ऑफ दि आर्टिस्ट अ‍ॅज अ यंग मॅन’ (१९१६) या कादंबरीतील नायकाच्या श्रद्धाभंगाचे मूळ तिसऱ्या प्रकरणातील नरकवर्णनात शोधण्याकडे वाचकाचा कल असतो. प्रस्तुत लेखकास त्याआधीचे एक हास्य अधिक निर्णायक वाटते.

क्लाँगोज वुड या जेझुइट शाळेत चष्मा फुटल्यामुळे लिहू न शकणाऱ्या स्टीफनला फादर डोलन आळशी ठरवून हातांवर मारतात. तो रेक्टरांकडे दाद मागतो. ते ती ऐकून घेतात व सोबती जयघोष करीत त्याला उचलून धरतात. श्रद्धा, न्याय आणि समूह या क्षणी एकरूप झालेले आहेत. दुसऱ्या प्रकरणात मात्र वडिलांच्या तोंडून कळते की, या तक्रारीवर दोन्ही फादर मनमुराद हसले होते. स्टीफनची प्रतिक्रिया जॉइस नोंदवीत नाही. ते मौनच बोलके आहे.

पुढे बेल्व्हेडेअर शाळेतील प्रवचनांनी व्याकूळ झालेला स्टीफन पापनिवेदनासाठी शाळेचे चॅपेल टाळतो आणि चर्च स्ट्रीटवरील एका अनोळखी कॅप्युचिन धर्मगुरूपुढे गुडघे टेकतो. सोबत्यांची लाज हे त्याचे उघड कारण खरे. परंतु ज्या समूहात लहानाचे गाऱ्हाणे थट्टेचा विषय होते, तेथे अंतःकरण उघडे करणे दुष्कर होय. सिद्धान्तावरील श्रद्धा ढळण्यापूर्वीच तिचा सामुदायिक आधार निखळलेला असतो, हे जॉइसच्या रचनेतून सिद्ध होते.