छेदाचे माप आणि फलिताचे माप

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर दुर्बिणीच्या साहाय्याने, लहान छेदांतून शस्त्रक्रिया करण्याच्या पद्धतीचे पहिले अनुभव १९९१ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासूनचे या विषयावरील लेखन चाळले असता प्रथम भीतीचा आणि नंतर उत्साहाचा अतिरेक दिसून येतो. १९९४ साली एका लहानशा रुग्णमालिकेत १४ पैकी ३ रुग्णांच्या छेदाच्या जागी कर्करोग पुन्हा उद्भवल्याचे नोंदले गेले आणि ही पद्धतच घातक असल्याची शंका बळावली. इतक्या अल्प संख्येवरून निघालेला निष्कर्ष किती तकलादू असतो, हे पुढे दिसून आले.

अमेरिकेतील 'कॉस्ट' या चाचणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. ८७२ रुग्णांची यादृच्छिक विभागणी करण्यात आली होती. तीन वर्षांनंतर रोगाची पुनरावृत्ती दुर्बिणीच्या गटात १६ टक्के व पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेच्या गटात १८ टक्के आढळली; हयात रुग्णांचे प्रमाण अनुक्रमे ८६ व ८५ टक्के होते. छेदाच्या जागी पुनरावृत्ती दोन्ही गटांत एक टक्क्याहून कमी होती. जुनी भीती येथे निराधार ठरली, हे निःसंशय.

तथापि या निष्कर्षाचे वाचन करताना त्याच्या मर्यादा सहसा गाळल्या जातात. सहभागी शल्यविशारदांनी अशा किमान २० शस्त्रक्रिया आधी केलेल्या असाव्यात, अशी अट होती. गुदाशयाचा व आडव्या आतड्याचा कर्करोग तसेच स्थानिक दृष्ट्या फार पसरलेला रोग असलेले रुग्ण वगळले होते. दुर्बिणीच्या गटातील २१ टक्के रुग्णांचे पोट अखेर उघडावेच लागले. अर्थात, सिद्ध झाले ते निवडक रुग्णांच्या व अनुभवी हातांच्या बाबतीत. सरसकट सर्वांच्या बाबतीत नव्हे.

ब्रिटनमधील 'क्लासिक' चाचणी (२००५) या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. तीत गुदाशयाचे रुग्णही होते. पोट उघडावे लागण्याचे प्रमाण एकंदर २९ टक्के असले, तरी पहिल्या वर्षी ते ३८ टक्के होते व सहाव्या वर्षी १६ टक्क्यांवर आले. ज्यांचे पोट उघडावे लागले त्यांच्यात गुंतागुंतही अधिक आढळली. तेव्हा पद्धतीचे फलित सांगताना ती कोणत्या हातांनी व सरावाच्या कोणत्या टप्प्यावर वापरली, हे सांगितल्यावाचून विधान पुरे होत नाही.

गुदाशयाच्या बाबतीत दुसरा तार्किक दोष संभवतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत निर्दोष उच्छेदनाचे प्रमाण दुर्बिणीने ८१.७ टक्के, तर उघड्या पद्धतीने ८६.९ टक्के भरले. नवी पद्धत जुनीपेक्षा सहा टक्क्यांहून अधिक उणी नाही, असे त्या आकड्यांवरून खात्रीने सिद्ध होऊ शकले नाही. काहींनी यावरून ती उणी असल्याचेच मानले. परंतु 'उणी नाही हे सिद्ध झाले नाही' आणि 'उणी आहे हे सिद्ध झाले' ही दोन विधाने एक नव्हेत. शिवाय उच्छेदित भागाची तपासणी म्हणजे रुग्णाचे आयुष्य नव्हे. याच रुग्णांच्या पुढील पाठपुराव्यात रोगमुक्त जगण्यात लक्षणीय फरक आढळला नाही.

सर्वांत उपेक्षित राहते ती रुग्णाची स्वतःची साक्ष. 'कॉस्ट'मधील ४४९ रुग्णांच्या जीवनमानाचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात जाणवण्याजोगा फरक काय तो दोन आठवड्यांनंतरच्या एकंदर स्वास्थ्याच्या मोजणीत दिसला. रुग्णालयातील मुक्काम सहाऐवजी पाच दिवसांवर आला. हा लाभ खरा आहे. पण तो मर्यादित आहे.

'अल्पछेदी' हे विशेषण त्वचेवरील जखमेचे वर्णन करते; आतील उच्छेदन तेवढेच मोठे असते. म्हणून अशा संशोधनाचा कोणताही अहवाल हाती आला असता अभ्यासकाने प्रथम विचारावे, की येथे कोणाला निवडले, कोणाला वगळले, आणि मोजले ते नेमके काय. एवढे विचारल्याखेरीज टक्केवारीवर विसंबून रुग्णाला सल्ला देणे शास्त्राला धरून होणार नाही.